गोळी थांबली, औषध थांबले नाही

गोळी बंद केली की औषध शरीरातून गेले, असा सर्वसाधारण समज आहे. पॅरासिटामॉलच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. रक्तातील त्याचे प्रमाण दर दोन-तीन तासांनी निम्मे होते. या काळाला ‘अर्धायुष्य’ म्हणतात. पाच अर्धायुष्ये उलटली की जेमतेम 3 टक्के औषध उरते. म्हणजे दिवसाभरात विषय संपतो.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर दिले जाणारे अमिओडारोन मात्र या हिशेबात बसत नाही. ते चरबी, यकृत आणि फुफ्फुसांत मुरते आणि तिथून अगदी सावकाश रक्तात परतते. हिंगाची डबी रिकामी केली तरी वास महिनोन्‌महिने जात नाही, तसेच काहीसे. दीर्घकाळ घेतल्यावर त्याचे अर्धायुष्य सरासरी 58 दिवस भरते. पण रुग्णागणिक ते 15 ते 142 दिवस इतके बदलते.

नेहमीच्या अवकल समीकरणात औषध कमी होण्याचा वेग फक्त त्या क्षणी किती औषध आहे, यावर ठरतो. मागे काय घडले याची त्याला आठवण नसते. अमिओडारोनसाठी गणितज्ञ आणि औषधशास्त्रज्ञांनी अपूर्णांकी क्रमाची समीकरणे वापरून पाहिली. त्यांत आजचा वेग कालपर्यंतच्या साऱ्या इतिहासावर अवलंबून असतो. ही कल्पना जुनी आहे. एखाद्या राशीचा बदल एकदा किंवा दोनदा काढतात, तसा ‘अर्ध्यांदा’ काढला तर काय होईल, या प्रश्नावर लायब्निट्झ यांनी 1695 मध्ये लोपिताल यांना पत्र लिहिले होते. तेव्हा ते कोडेच होते.

डॉक्टरांपुढचा प्रश्न दोन टोकांचा असतो. पहिल्या दिवशी रक्तात औषध शून्य. ठरावीक दिवसांनी ते परिणामकारक, पण सुरक्षित पातळीवर हवे. दोन्ही टोके ठरलेली असताना मधली वाट शोधणे, याला गणितात सीमामूल्य प्रश्न म्हणतात. साध्या समीकरणात रोज तोच डोस दिला की पातळी काही काळाने स्थिरावते. अपूर्णांकी समीकरण सांगते की तोच डोस चालू राहिला तरी पातळी हळूहळू चढत राहू शकते. प्रत्यक्षातही हे औषध सुरुवातीला मोठ्या मात्रेत देऊन शरीरातील साठे भरतात आणि मग मात्रा शक्य तितकी कमी करतात.

रुग्णाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट एकच: हे औषध आठवण ठेवते. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते, त्यामुळे थायरॉइडचे काम बिघडू शकते. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांनीही. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम ते वाढवते आणि हा प्रभावही गोळी थांबताच ओसरत नाही.

म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नये. चालू असताना थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी कराव्यात. नवा कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर लगेच दाखवावे. आणि बंद होऊन काही महिने झाले असले, तरी नव्या डॉक्टरांना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तिचे नाव आवर्जून सांगावे. ‘ती तर केव्हाच सोडली’ एवढे म्हणून थांबू नये. केव्हा सोडली, किती दिवस घेतली, हेही सांगावे.