चाहत्यांचं जग उभारणाऱ्या बायका

विज्ञानकथा, कॉमिक्स आणि अंतराळ-मालिकांचं वेड मुलग्यांचं. मुली त्यात अलीकडेच शिरल्या, असा समज सगळीकडे आहे. एखादीनं आवडत्या पात्राचं चित्र असलेला टी-शर्ट घातला, की तिची तोंडी परीक्षा सुरू होते. मुलग्यांना ती क्वचितच द्यावी लागते. या परीक्षेला मुळात आधारच नाही, हे ठामपणे सांगायला हवं. कारण हे जग उभं राहिलं, त्यात बायकांचे कष्ट पहिल्यापासून आहेत.

जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे दोघे चाहते भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून वावरले. आजच्या कॉसप्लेची, म्हणजे पात्रांसारखे पोशाख घालण्याची, सुरुवात बरेच जण इथूनच धरतात. दोन्ही पोशाख मर्टलनं शिवले होते, पण बरीच वर्षं नाव अ‍ॅकरमनचं होत राहिलं.

खरी भरती आली ती 'स्टार ट्रेक'मुळे. ही अंतराळ-मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी देव्रा लँगसॅम आणि शर्ना कमरफर्ड यांनी 'स्पॉकनेलिया' हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. केवळ या मालिकेला वाहिलेलं असं ते पहिलंच. स्टेन्सिलवर टाइप करायचं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, पानं जुळवून टाचायची आणि टपालानं पाठवायची. त्यात कथा होत्या, कविता होत्या आणि मालिकेतलं पात्र स्पॉक याच्या लोकांचं शरीरशास्त्र, त्यांची भाषा यांवर गंभीर लेखही होते. व्यावसायिक मासिकांची संपादकपदं बहुतांशी पुरुषांकडे असताना इथे लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढच्या दशकात अशी नियतकालिकं भराभर निघाली. त्यांच्या लेखिका, चित्रकार आणि संपादक बहुसंख्येनं स्त्रियाच होत्या.

मालिका दुसऱ्या वर्षानंतर बंद पडणार, अशी कुणकुण लागली तेव्हा मालिकेच्या चाहत्या बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उघडली. नियम साधा होता: दहा जणांना पत्र लिहायला सांगा आणि त्या प्रत्येकाला आणखी दहा जण गाठायला सांगा. पत्रांचा ढीग एवढा वाढला, की १ मार्च १९६८च्या रात्री एनबीसी वाहिनीनं मालिका चालू राहणार असल्याचं पडद्यावरूनच जाहीर केलं. तिसरं वर्ष मिळालं म्हणून एकूण ७९ भाग झाले आणि पुनःप्रक्षेपणाला पुरेसा साठा तयार झाला. पुढची पिढी मालिकेच्या प्रेमात पडली ती या पुनःप्रक्षेपणातूनच. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कला मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन झालं. देव्रा लँगसॅम, जोन विन्स्टन, एलिस पाइन्स अशा बायका त्याच्या आयोजनात पुढे होत्या. काहीशे लोक येतील असा त्यांचा अंदाज होता; आले तीन हजारांहून जास्त.

या जगात सगळं आलबेल नव्हतं. १९७३मध्ये स्वतः चाहती असलेल्या पॉला स्मिथ यांनी एका छोट्या विडंबनकथेत 'मेरी स्यू' नावाची पंधरा-सोळा वर्षांची सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट रंगवली. टोला होता हौशी लेखनातल्या भाबडेपणाला. पुढे मात्र कुठल्याही कर्तबगार नायिकेला हेच नाव चिकटवलं जाऊ लागलं. हसतील या धास्तीनं अनेक लेखिका आपल्या कथांमध्ये ठसठशीत स्त्रीपात्र आणायलाच कचरू लागल्या. सर्वगुणसंपन्न नायकाला असा जाब कुणी विचारला नाही, आणि हा दुजाभाव आजही संपलेला नाही.

अशा अडचणींवर बायकांनी शोधलेलं उत्तर होतं स्वतःची जागा. चाहत्यांच्या लेखनावर कंपन्या नफा कमवू पाहत आहेत, हे दिसल्यावर २००७मध्ये एक ना-नफा संस्था स्थापन झाली आणि तिनं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांच्या लेखनाचं विनाजाहिरात ऑनलाइन संग्रहालय उभारलं. लेखिका व्हर्जिनिया वूल्फच्या 'स्वतःची खोली' या प्रसिद्ध निबंधाची आठवण त्या नावातच आहे. त्याचा कोडही प्रामुख्यानं स्वयंसेवक स्त्रियांनी लिहिला. कित्येकींनी त्यासाठी प्रोग्रॅमिंग नव्यानं शिकून घेतलं. २०१९मध्ये या संग्रहालयाला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

म्हणून घरातली मुलगी आवडत्या मालिकेची पुढची गोष्ट वहीत लिहीत असेल, तर तिची परीक्षा घेऊ नका. ती गोष्ट वाचायला मागा आणि पुढे काय होणार, ते तिलाच विचारा. लिहिणं, संपादन, संघटन आणि तंत्रज्ञान हे सगळं याच वेडातून शिकलेल्या बायकांची परंपरा आता ऐंशी वर्षांहून जुनी आहे. त्या परंपरेवर तिचाही हक्क आहे.