साठ वर्षं जुनी मस्टँग गरम होतेय? स्वस्तातला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर घेताना पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, समजून घ्या!

'फास्ट अँड फ्युरियस' पाहिलेल्या प्रत्येकाला डॉमची ती काळी डॉज चार्जर आठवत असेल. बोनेटमधून बाहेर आलेलं इंजिन, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागच्या चाकांखालून निघणारा धूर. सिनेमात अशा गाड्या कधी सिग्नलला बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या दिसत नाहीत. प्रत्यक्षात अमेरिकेत ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी असते, त्यांची उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी चिंता वेगाची नसते, तापमानाच्या काट्याची असते!

म्हणूनच या मंडळींना एक प्रश्न कायम पडलेला असतो. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून अ‍ॅल्युमिनियमचा बसवायचा, तर कमी पैशात चांगला कसा निवडायचा? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकलं तर दोनशे डॉलर वाचवायच्या नादात काही हजार डॉलरचं इंजिन बसतं.

आधी मसल कार म्हणजे काय ते पाहू

मध्यम आकाराच्या, सर्वसामान्य अमेरिकन गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं, हे मसल कारचं साधं सूत्र. १९६४ साली आलेल्या पॉन्टियाक जीटीओपासून या गाड्यांचा जमाना सुरू झाला असं बहुतेक जण मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग आणली. चोखंदळ लोक तिला 'पोनी कार' म्हणतात, पण व्ही-८ इंजिनाची मस्टँग या घराण्यातलीच समजली जाते. १९६६ सालच्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त मस्टँग विकल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत. त्यामुळे उदाहरण म्हणून १९६६ ची, २८९ घनइंची म्हणजे ४.७ लिटर व्ही-८ इंजिनाची मस्टँग घेऊ.

पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश इंजिन फिरवण्याच्या कामी येते असं धरलं, तर जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये जाते. ती हवेत सोडणं हे रेडिएटरचं काम. साठ वर्षांत त्याच्या नळ्यांमध्ये गंज आणि क्षार साचतात, पत्र्या सैल होतात आणि हे काम अर्धवट होऊ लागतं.

तांबं उष्णता जास्त वाहतं, मग अ‍ॅल्युमिनियम कशाला?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच उष्णता वाहून नेतं. मग तो रेडिएटर चांगला कसा?

जुन्या रेडिएटरमध्ये पाणी तांब्यातून नाही, तर पितळेच्या नळ्यांतून वाहतं. तांब्याच्या असतात त्या पत्र्या, आणि त्या नळ्यांना डाख देऊन जोडलेल्या असतात. पितळ आणि शिसं-कथिलाचा डाख, दोन्ही उष्णता वाहण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बरेच मागे. शिवाय या नळ्या साधारण अर्धा इंच रुंदीच्या असतात. जास्त रुंद केल्या तर दाबाने फुगतात.

अ‍ॅल्युमिनियमची नळी पातळ पत्र्याची असूनही एक इंच किंवा त्याहून रुंद करता येते. रुंद नळीला पत्र्या जास्त जागी चिकटतात आणि उष्णता पटकन बाहेर पडते. वजनाचाही फायदा आहे. तेवढ्याच आकाराचं तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असतं. शेवरोलेने तर साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच कॉर्व्हेटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर वापरला होता.

म्हणजे कमाल नुसत्या धातूची नाही, तर नळीच्या रुंदीची आणि जोडणीची आहे. खरेदी करताना नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडते.

पण थांबा, दोष रेडिएटरचाच आहे का?

नवा रेडिएटर मागवण्याआधी गाडी नेमकी कधी गरम होते ते पाहायला हवं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि वेग घेतला की थंड होते? मग बहुधा हवा कमी पडतेय. दोष पंख्याचा, त्याच्या क्लचचा किंवा पंख्याभोवतीच्या आवरणाचा, म्हणजे श्राउडचा असू शकतो. कितीतरी जुन्या गाड्यांवरचं श्राउड कुणीतरी कधीच काढून फेकलेलं असतं. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

हायवेवर, सलग वेगात गरम होते? तिथे हवा भरपूर असते. मग रेडिएटर तुंबलेला किंवा लहान आहे, वॉटर पंप कमी पडतोय किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने आत चिकटतोय अशी शक्यता जास्त.

इग्निशनचं टायमिंग मागे असेल किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी जात असेल, तरीही इंजिन तापतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर जगातला सगळ्यात महाग रेडिएटरही काही करू शकत नाही.

त्या काळातल्या फोर्डमध्ये आणखी एक गंमत आहे. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकाच छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरवर चालतो. तो बिघडला की दोन्ही काटे वर सरकतात. पेट्रोलचा काटाही नेहमीपेक्षा वर दिसत असेल, तर इंजिन ठणठणीत असून काटाच खोटं बोलत असण्याची शक्यता आहे! वीस-पंचवीस डॉलरच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळचं तापमान तपासलं की खरंखोटं कळतं. थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसचा असेल, तर उन्हात ९० ते ९५ अंश हे काही घाबरण्यासारखं नाही.

'फोर रो' लिहिलंय म्हणून भुलू नका

स्वस्त रेडिएटरच्या जाहिरातीत नळ्यांच्या ओळींचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. दोन ओळी, तीन ओळी, चार ओळी. चार म्हणजे दोनपेक्षा चांगलंच, असं वाटणं साहजिक आहे.

पण एक इंची नळ्यांच्या दोन ओळी म्हणजे दोन इंच, आणि अर्धा इंची नळ्यांच्या चार ओळी म्हणजेही दोनच इंच. त्यात चार ओळींमध्ये मधल्या फटी जास्त असल्याने जाळी अधिक जाड होते आणि पंख्याला तिच्यातून हवा ओढणं जड जातं. त्यामुळे ओळी किती यापेक्षा नळीची रुंदी किती, हा प्रश्न विचारावा. विक्रेता ती सांगत नसेल तर पुढे जावं. २८९ सारख्या साध्या इंजिनाला एक इंची नळ्यांच्या दोन ओळी सहसा पुरतात.

मग घ्यायचा कसा?

बाजारात मुख्यतः तीन पर्याय दिसतात. आयात केलेले, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर साधारण १५० ते ३०० डॉलरला मिळतात. अमेरिकेत बनलेले चांगले रेडिएटर त्याच्या दुप्पट किंवा जास्त किमतीला जातात. तिसरा पर्याय म्हणजे जुन्याच टाक्या ठेवून आतली जाळी नवी बसवून घेणं. गाडी मूळ रूपात प्रदर्शनात मांडायची असेल तर हाच मार्ग योग्य, पण तो बऱ्याचदा स्वस्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षा महाग पडतो.

पहिला पर्याय घ्यायचा तर या गोष्टी नीट पाहाव्यात.

जोडणी: नळ्या आणि टाकीच्या मधली पट्टी भट्टीत ब्रेझ केलेली असावी. काही स्वस्त मालात हे सांधे इपॉक्सीने बुजवलेले असतात. तापून-थंड होऊन इपॉक्सी पुढे सुटण्याची भीती असते. टाक्या वेल्ड केलेल्या असाव्यात आणि वेल्ड सलग दिसावा.

माप: 'मस्टँगसाठी' एवढं लिहिलेलं पुरत नाही. १९६७ साली मस्टँग मोठ्या इंजिनासाठी रुंद झाली, त्यामुळे त्या सालचा रेडिएटर १९६६ च्या गाडीत सरळ बसत नाही. कंपनी बदलली तर रचनाही बदलते. १९६६ च्या मस्टँगमध्ये पाणी वरून खाली वाहतं, तर १९६७ ते ६९ च्या कॅमॅरोमध्ये आडवं. टेप घेऊन जाळीची उंची, रुंदी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर स्वतः मोजावं.

होजची बाजू: खालचा होज डावीकडे की उजवीकडे, हे वॉटर पंपावर ठरतं. जुन्या गाडीत कुणी कधीतरी इंजिन किंवा पंप बदललेला असू शकतो. म्हणून पुस्तक नाही, बोनेट उघडून पाहावं.

पंख्याचं अंतर: नवी जाळी जुन्यापेक्षा जाड असते. ती आणि पंखा यांच्यात निदान इंचभर जागा उरायला हवी. नाहीतर इंजिन थोडं हललं तरी पाती जाळीत घुसतात.

गिअरबॉक्स: गाडी ऑटोमॅटिक असेल तर खालच्या टाकीत गिअर ऑइल थंड करणारा कूलर हवाच, आणि त्याच्या फिटिंगचे आटे जुळायला हवेत. मॅन्युअल असेल तर त्यासाठी जादा पैसे द्यायची गरज नाही.

इथे मात्र कंजुषी नको

जुना होज, जुनं झाकण आणि जुना थर्मोस्टॅट नव्या रेडिएटरला लावणं म्हणजे नव्या घराला जुनी कडी. या वस्तू, कूलंट आणि गरज असेल तर श्राउड, यांसाठी १०० ते १५० डॉलर आधीच बाजूला ठेवावेत.

झाकण तर फारच महत्त्वाचं. दाब एक पीएसआयने वाढला की उकळबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वाढतो. निम्मं पाणी आणि निम्मं अँटिफ्रीझ हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं, तर १५ पीएसआयच्या झाकणाखाली १२९ अंशांच्या आसपास. दहा-पंधरा डॉलरचं झाकण दाब धरत नसेल, तर ही सगळी सुरक्षितता हातची जाते. दाब किती हवा हे गाडीच्या जुन्या हीटरचा आणि होजचा विचार करून ठरवावं.

बसवण्याआधी इंजिन धुऊन घेणंही तितकंच गरजेचं. बिडाच्या ब्लॉकमध्ये साठलेला गंज नाहीतर थेट नव्या नळ्यांत जाऊन बसतो.

अ‍ॅल्युमिनियमचा छुपा शत्रू

नवा रेडिएटर वर्षभरात गळू लागला की लोक स्वस्त मालाला शिव्या देतात. पण बऱ्याचदा गुन्हेगार वेगळाच असतो, तो म्हणजे वीज. इंजिनाची किंवा दिव्यांची अर्थिंग खराब असेल, तर प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि अ‍ॅल्युमिनियमला आतून बारीक भोकं पाडतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना झाकण काढायचं, मग इंजिन चालू करून दिवे लावायचे. व्होल्टमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंग नीट करावी, नाहीतर महागडा रेडिएटरही टिकणार नाही. इंजिन तापायच्या आत हे उरकून झाकण परत लावायचं.

नळाचं पाणी टाळावं, त्यातले क्षार आत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट वापरावं. रेडिएटर रबरी गाद्यांवर बसवावा, म्हणजे गाडीच्या धक्क्यांनी वेल्ड तडकत नाहीत.

इलेक्ट्रिक पंखा बसवायचा मोह होत असेल, तर एक लक्षात ठेवायला हवं. त्या काळच्या साध्या मस्टँगचा अल्टरनेटर साधारण ४० अँपिअरचा आणि मोठा इलेक्ट्रिक पंखा एकटाच २० ते ३० अँपिअर खातो. रात्री हेडलाइट लावले की हिशोब जमत नाही. चांगल्या श्राउडमधला मूळ पंखा बहुतेकांना पुरतो.

जीवावर बेतू शकणाऱ्या दोन गोष्टी

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून गरम कूलंट थेट अंगावर येतं. आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं आणि लहान मुलं त्याला सहज फसतात.

जुना रेडिएटर मात्र भंगारात टाकण्याची घाई करू नये. गाडी पुढे कुणी विकत घेणार असेल, तर मूळ भागांची किंमत त्याच्या लेखी मोठी असते.

मे महिन्यात घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपणही पाहतो. चढ मोठा, वेग कमी आणि हवा अपुरी, कारण तेच. म्हणून गाडी डेट्रॉइटची असो की आपल्या गल्लीतली, आधी ती कधी गरम होते ते पाहा, मग मोजा आणि शेवटी खरेदी करा. या क्रमाने गेलं, तर दोनशे डॉलरचा रेडिएटरही साठ वर्षांच्या इंजिनाला आणखी कित्येक उन्हाळे दाखवू शकतो!