वांचलेला पैसा कोणाचा?

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील जुने दिवे काढून सर्वत्र एल.ई.डी.चे दिवे बसविले. पुढील महिन्यापासून विजेचें बिल शंभर-दीडशें रुपयांनीं उतरलें, तेव्हां आम्हीं मोठ्या ऐटींत आमच्या सौ.ला म्हटलें, "पाहिलेंस ना? वर्षांत दिव्यांचे पैसे फिटतील!" वर्ष संपल्यावर तिनें शांतपणें विचारलें, "अहो, पण ते फिटलेले पैसे आहेत कोठें?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बिल उतरलें होतें हें खरें. परंतु उतरलेला पैसा भाजीच्या पिशवींत, रिक्षाच्या भाड्यांत आणि पाहुण्यांच्या आदरातिथ्यांत केव्हांच विरून गेला होता. तेव्हांपासून आमच्या घरीं एक रिवाज पडला आहे. बिल जितक्यानें कमी येईल तितके पैसे स्वयंपाकघरांतील एका डब्यांत टाकावयाचे. त्या डब्यांतूनच गेल्या उन्हाळ्यांत जुना घरघरणारा पंखा जाऊन थोडी वीज खाणारा नवा पंखा आला.

घरगुती डब्याची ही क्षुल्लक हकीकत आरंभीं सांगण्याचें कारण असें कीं, ज्या शहरांत आपण राहतों त्याच्या कारभारांतही नेमका हाच प्रश्न अडून बसलेला आहे. रस्त्यावरचे दिवे, पाणी चढविणारे पंप, मैलाशुद्धीचीं केंद्रें, रुग्णालयें, शाळा, नाट्यगृहें या सर्वांचें वीजबिल महानगरपालिका भरते, म्हणजे पर्यायानें आपणच भरतों. त्यांतही बहुतेक ठिकाणीं मोठा वाटा पाण्याच्या पंपांचा असतो. ही वीज वांचवितां येते हें आतां कोणास पटवून द्यावयास नको. परंतु वांचविण्यासाठीं आधीं पैसा लागतो, आणि तो पैसा सभेनें मंजूर करावा लागतो. सगळी गोम येथेंच आहे.

आपल्याकडे सभांची रचना कशी आहे, हें नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत आपण सर्वांनींच वाचलें आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरलों. मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र कायद्यानें चालतो. पुण्यास महानगरपालिका झाली ती १५ फेब्रुवारी १९५० रोजीं, आणि तिचा आधार १९४९ चा कायदा. दोन्ही कायद्यांचें तत्त्व एकच: खर्च करणारा हात आयुक्ताचा, परंतु मंजुरीचा शब्द सभेचा. १९४९ च्या कायद्याप्रमाणें स्थायी समितींत सोळा सभासद असतात आणि त्यांतील निम्मे दरवर्षीं निवृत्त होतात. समितीची बैठक आठवड्यास एक, सर्वसाधारण सभा महिन्यास एक, आणि सभेची नोटीस सात दिवस आधीं. आयुक्तांनीं अंदाजपत्रक मांडावयाचें, स्थायी समितीनें त्यांत भर घालावयाची, सर्वसाधारण सभेनें तें संमत करावयाचें. कराचे दर २० फेब्रुवारीच्या आंत ठरावे लागतात, आणि १ एप्रिलला नवें वर्ष सुरू होतें.

ही रचना जुन्या लोकांनीं मोठ्या विचारानें केलेली आहे, आणि तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पैसा कोणा एकाच्या हातीं राहूं नये, दरवर्षीं त्याचा जाब विचारला जावा, हा तिचा हेतु. परंतु वीजबचतीचें काम या चौकटींत नीट बसत नाहीं. वीजबिल हा बांधील खर्च. तो कोणी वाचीत नाहीं, त्यावर कोणी बोलत नाहीं, आणि रक्कम कितीही फुगली तरी तो मुकाट्यानें मंजूर होतो. याउलट बिल कमी करणारा नवा पंप हें भांडवली काम. त्यास रस्ता, उड्डाणपूल, सभागृह आणि प्रभागांतील 'स' यादीच्या कामांबरोबर रांगेंत उभें राहावें लागतें. रस्त्याला नामफलक लागतो. न जळलेल्या युनिटचें उद्घाटन कोणी करूं शकत नाहीं! आणि समजा, एखाद्या खात्यानें नेट धरून बचत केलीच, तर पुढील वर्षीं त्याची वीजबिलाची तरतूद तितक्यानें कापली जाते. काटकसर करणाऱ्याच्या हातीं काय उरतें? अधिक काम आणि कमी तरतूद.

आमचे एक वृद्ध स्नेही एका नगरपालिकेच्या लेखाखात्यांत तीस वर्षें नोकरीस होते. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बिलांची नोंद करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, टाकींत पाणी तितकेंच चढतें, परंतु पंपाचीं युनिटें वर्षागणिक वाढत आहेत. अभियंत्यास विचारलें, तर पंप झिजलेला आहे हें त्यासही ठाऊक होतें. दोघांनीं मिळून प्रस्ताव लिहिला; नव्या पंपाची किंमत दोन वर्षांच्या बचतींतून निघत होती. पहिली सभा एका माजी नगराध्यक्षांच्या निधनामुळें श्रद्धांजली वाहून तहकूब झाली. दुसऱ्या सभेस गणपूर्ति झाली नाहीं. तिसरींत हा विषय एकोणिसावा होता आणि बाराव्या विषयावरच रात्रीचे नऊ वाजले. चौथ्या सभेंत एक सभासद म्हणाले, "पंप चालूं आहे ना? मग बदलायचा कशाला?" आणि विषय अभ्यासासाठीं ठेवण्यांत आला. इतक्यांत ३१ मार्च उजाडला. तरतूद दुसऱ्या कामाकडे वळली, निविदेंतील दरांची मुदतही संपली. मे महिन्यांत पंप जळाला. चार दिवस गांवांत टँकर फिरले. मग तातडीच्या अधिकारांत, दोन दिवसांच्या आंत, बाजारांत मिळाला तो पंप आणून बसविण्यांत आला, आणि त्या खर्चाची मंजुरी मागाहून घेण्यांत आली. त्या सभेंत या विषयावर एक अक्षरही कोणी बोललें नाहीं.

त्या सभासदांचा प्रश्न आम्हांस मूर्खपणाचा वाटत नाहीं. चालत्या वस्तूवर खर्च करूं नये, हें आपण घरींही मानतोंच. न दिसणारी गळती त्यांच्यापुढें दिसेल अशा रीतीनें कोणीं मांडलीच नव्हती. अंदाजपत्रकांत वीजबिल एका पानावर होतें आणि पंप दुसऱ्या पानावर. दोन्ही पानें एकत्र धरणारा मनुष्य फक्त लेखाखात्यांत बसलेला होता, आणि त्यास सभेंत बोलण्याचा अधिकार नव्हता.

आतां ज्या शहरानें या अडचणींतून वाट काढली त्याची गोष्ट. अकोल्यास महानगरपालिका झाली २००१ सालीं. म्हणजे वयानें लहान, आणि तिजोरीही मुंबई-पुण्यासारखी नव्हे. २००६-०७ च्या सुमारास तिनें रस्त्यांवरील साडेअकरा हजारांहून अधिक दिवे बदलले. जुन्या जाड ट्यूबा आणि पाऱ्याच्या व सोडियमच्या वाफेचे दिवे काढून त्या जागीं 'टी-५' जातीच्या बारीक ट्यूबा बसविल्या. एल.ई.डी.चे दिवे त्या काळीं रस्त्यावर आलेले नव्हते. या कामीं वॉशिंग्टनच्या 'अलायन्स टु सेव्ह एनर्जी' या संस्थेचें साह्य होतें. सगळा खर्च, सुमारें १ लाख २० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें अर्ध्या कोटि रुपयांच्या आसपास, दिवे पुरविणाऱ्या खासगी कंपनीनें स्वतः केला. पालिकेनें आरंभीं गुंतवणूक म्हणून कांहींच घातलें नाहीं. करार असा कीं, बिलांत जी बचत होईल ती मोजून ताडून पाहावयाची आणि तिच्यांतील शेंकडा ९५ हिस्सा सहा वर्षेंपर्यंत कंपनीस द्यावयाचा. शिवाय दिव्यांच्या देखभालीचा वार्षिक मोबदला निराळा. विजेची बचत शेंकडा ५६ झाली. वर्षास सुमारें २१ लाख युनिटें. पैशांत ती वर्षास १ लाख ३३ हजार डॉलर धरण्यांत आली होती.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पेन्सिल हातीं घ्यावी. खर्च १ लाख २० हजार. एका वर्षाची बचत १ लाख ३३ हजार. म्हणजे घातलेला पैसा अकरा महिन्यांच्या आंतच निघतो. उरलेल्या पांच वर्षांतही रुपयांतले पंचाण्णव पैसे कंपनीचेच. या अंदाजाप्रमाणें सहा वर्षांचा कंपनीचा वाटा साडेसात लाख डॉलरांच्या वर जातो, म्हणजे मूळ खर्चाच्या सहापटीहून अधिक. हा आंकडा प्रथम मांडला तेव्हां आम्हीच दचकलों, आणि अकोलेकरांनीं फसवून घेतलें कीं काय असें मनांत आलें.

परंतु थोडा विचार केल्यावर राग निवळला. बचत झाली नसती तर बुडणारा पैसा कंपनीचा होता. पालिकेच्या अंगास तोशीस लागली नसती. धोका ज्याचा, त्याचा नफा, हा बाजाराचा न्याय आहे. शिवाय सहा वर्षांनंतरची सारी बचत शहराची. मुख्य म्हणजे, कंपनी आली नसती तर आमच्या स्नेह्यांच्या पंपाप्रमाणें ते दिवेही विषयपत्रिकेवर एकोणिसावे राहिले असते. कराराचा मोठा गुण हा कीं, त्यास सभेनें एकदां संमति दिली कीं पुरे. मग निम्मी स्थायी समिति दरवर्षीं बदलली, अंदाजपत्रकें आलीं-गेलीं, तरी बचतीचा पैसा कराराच्या कलमानें आपल्या वाटेनें जात राहतो. अकोल्यानें जी भारी किंमत मोजली ती दिव्यांची नव्हे. अर्धा कोटि रुपये स्वतःच्या अंदाजपत्रकांत बाजूस काढून वर्षभर त्यांस हात न लावणें हें आपल्या पालिकांस जमत नाहीं, त्याची ती किंमत.

तें जमविणारीं शहरेंही आहेत. अमेरिकेंतील फिनिक्स शहरानें १९८४ सालीं ५० हजार डॉलरांच्या लहानशा बीजधनावर असा निधि सुरू केला, आणि मोजून सिद्ध झालेल्या बचतीपैकीं अर्धी रक्कम पुन्हां वीजबचतीच्याच कामांत घालण्याचा नियम केला. जर्मनींतील स्टुटगार्ट शहराची युक्ति याहूनही सुबक आहे. तेथें १९९५ पासून शहराचें पर्यावरण खातें इतर खात्यांस सावकारी करतें, परंतु बिनव्याजी! शाळेस नवी उष्णतायंत्रणा हवी असेल तर पैसा या खात्यानें द्यावयाचा, आणि शाळेच्या इंधनखर्चांत जी रक्कम वांचेल ती फिटेपर्यंत याच खात्याकडे परत यावयाची. फिटली कीं पुढची बचत शाळेच्या खात्याची. परत आलेला पैसा दुसऱ्या इमारतीकडे जातो. आमच्या सौ.चा डबा याहून वेगळा नाहीं, फक्त तिचें अंदाजपत्रक कोणी छापीत नाहीं.

आपल्या देशांतही ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली. अकोल्यांत खासगी कंपनीनें जें केलें तेंच येथें सरकारी कंपनीनें मोठ्या प्रमाणावर केलें. आधीं खर्च कंपनीचा, मग पालिकेनें तो सुमारें सात वर्षांत फेडावयाचा. देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कित्येक पालिकांकडे कंपनीचें देणें थकलें. आमच्या मतें याचें कारण दिव्यांत नसून खतावणींत आहे. बिल उतरलें, पण उतरलेली रक्कम हप्त्यासाठीं निराळी ठेवली गेली नाहीं, आणि हप्ता मागावयास माणूस आला तेव्हां ती आमच्या भाजीच्या पिशवीप्रमाणें केव्हांच संपलेली होती. पुण्याच्या पालिकेंत एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळविण्यास 'वर्गीकरण' असा भारदस्त शब्द आहे. ज्या निधीचें वर्गीकरण होऊं शकतें तो निधि मार्चपर्यंत टिकेल याची हमी कोणी द्यावी?

येथें कोणी म्हणतील कीं, दोष सभांचाच. सभा नसत्या तर कामें झटपट झालीं असतीं. तोही प्रयोग आपण पाहिला आहे. मार्च २०२२ मध्यें मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत संपली, आणि निवडणुका न झाल्यामुळें पुढें तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकाचा अंमल राहिला. मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. काम कदाचित् लवकर होत असेल, परंतु वीजबिलाचें पान उघडून "हे इतके कसे?" असें भर सभेंत विचारण्याची सोय तेवढ्या काळापुरती तरी नाहींशी झाली होती. सर्वसाधारण सभेस सामान्य नागरिकास प्रेक्षक म्हणून बसतां येतें. आमच्या परिचयांतील किती गृहस्थ एकदां तरी तेथें जाऊन बसले आहेत, हें मात्र विचारूं नये. आम्हीही एकदांच गेलों, आणि त्या दिवशीं सभा तहकूब झाली.

आमचे स्नेही आतां पुण्यास मुलाकडे राहतात, पण स्वस्थ बसत नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, फेब्रुवारींत ओरड करण्यांत अर्थ नसतो. तोंवर अंदाजपत्रकाचीं पानें भरलेलीं असतात. खात्याखात्यांच्या मागण्या दिवाळीच्या आगेंमागें गोळा होऊं लागतात, तेव्हांच बोलावें. पालिकेच्या प्रत्येक पंपाचें मागील तीन वर्षांचें बिल आणि त्यानें चढविलेलें पाणी एकाच कागदावर छापावें, आणि वांचलेल्या रकमेसाठीं ज्याचें वर्गीकरण करतां येणार नाहीं असें एक लेखाशीर्ष उघडावें, अशा दोनच मागण्यांचा अर्ज ते दरसाल पाठवितात. यंदाचा अर्ज त्यांनीं दसऱ्यालाच दिला. पोंच मिळाली आहे. तिच्यावर आवक क्रमांक आहे, सही मात्र वाचतां येत नाहीं.