मैदानावरचे शास्त्र शिकलेली मुले वस्तीला हवीत

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांजवळची मैदाने पहाटेच भरून जातात. कुणी शाळेच्या पटांगणावर पळतो, कुणी डांबरी रस्त्याच्या कडेने. आधी भरती झालेला एखादा दादा सांगेल तेवढे पळायचे, तो म्हणेल ते खायचे. मेहनतीत आपली मुले-मुली कुणाला हार जाणारी नाहीत. पण शरीर कसे तयार होते आणि कुठे थांबायचे असते, हे रीतसर शिकलेला माणूस त्या मैदानावर सहसा नसतो.

याची किंमत मोठी असते. 2014 च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले. आता शिपाई पदासाठी पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, पण सारा जोर लावूनच पळावे लागते.

म्हणून घरातली मुलगी किंवा मुलगा बारावीनंतर 'मला खेळाचेच शिक्षण घ्यायचे आहे' म्हणाला, तर 'खेळून पोट भरते का?' असे म्हणून विषय बंद करू नका. या शिक्षणात नोकरीची वाट आहे, तशी वस्तीच्या आरोग्याचीही आहे.

वर्गात काय शिकवतात?

शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात दिवसभर नुसता खेळ चालतो, हा मोठा गैरसमज आहे. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र, आहार, खेळाडूचे मन, दुखापतीवरचे प्रथमोपचार आणि प्रशिक्षणाचे नियोजन हे विषय तिथे अभ्यासावे लागतात. सोबत मैदानावरचे प्रात्यक्षिक असते.

साधे उदाहरण घ्या. भरतीची तयारी करणाऱ्या अनेकांची नडगी दुखते. मुले तेल चोळतात, पट्टी बांधतात आणि पुन्हा पळतात. शिकलेला प्रशिक्षक आधी विचारेल, अंतर एकदम वाढवले का? बूट झिजलेत का? रोज सिमेंटवर पळता का? व्यायामाचा ताण पडल्यावर हाड आणि स्नायू विश्रांतीच्या काळात मजबूत होतात. विश्रांतीच दिली नाही तर त्याच हाडाला बारीक चीर पडू शकते. म्हणून आठवड्यात काही दिवस हलके पळणे, काही दिवस वेगाचे आणि निदान एक दिवस आराम, असा आराखडा लागतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा मुलीला धाप लागते, पाय जड होतात. तिला आणखी पळवून उपयोग नाही. आधी रक्त तपासायला हवे.

सिकलसेल आणि व्यायाम

विदर्भातील आपल्या समाजाने हा भाग नीट वाचावा. सिकलसेलचा 'एएस' म्हणजे वाहक माणूस एरवी निरोगी असतो. तो खेळू शकतो, पळू शकतो. पण कडक उन्हात, अंगात पाणी कमी असताना, न थांबता पूर्ण ताकदीने धावल्यास क्वचित त्याच्या तांबड्या पेशी आकार बदलतात आणि स्नायूंना रक्त पोहोचत नाही. पायातला जोर जातो. मुलगा बोलत असतो, शुद्धीवर असतो, पण उभा राहू शकत नाही. 'नाटक करतो, आळशी आहे' असे म्हणून त्याला उठवून पळवले तर जीव जाऊ शकतो.

अमेरिकेत एका विद्यापीठाचा वाहक असलेला फुटबॉल खेळाडू 2006 मध्ये सरावानंतर दगावला. त्यानंतर 2010 पासून तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने आपल्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंची सिकलसेल स्थिती तपासणे बंधनकारक केले. ही तपासणी वाहकांना बाहेर काढण्यासाठी नाही. त्यांचा सराव हळूहळू वाढवावा, मध्ये थांबू द्यावे, पाणी द्यावे, ताप असताना पळवू नये, यासाठी ती असते.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. भरतीच्या तयारीआधी ती करून घ्या आणि प्रशिक्षकाला निकाल सांगा. 'एसएस' असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा. धावताना कुणी असा कोसळला तर त्याला लगेच सावलीत घ्या, दवाखान्यात न्या आणि तो वाहक आहे हे डॉक्टरांना सांगा.

शिक्षणाच्या वाटा

बारावीनंतर शारीरिक शिक्षण व क्रीडा विषयातील पदवी घेता येते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा बी.पी.एड. करावा लागतो. त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि तिच्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम देशभर मानला जातो. ही संस्था 1961 मध्ये सुरू झाली. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था 1957 ची. आपल्या राज्यात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून या क्षेत्रात आहे.

सरकारी जागा थोड्या आहेत, हे आधीच समजून घ्या. पण खाजगी शाळा, अकादमी, जिम, भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रे इथे काम मिळते. जिममध्ये काही दिवसांच्या प्रमाणपत्रावर शिकवणारे पुष्कळ आहेत. पदवी घेतलेला वेगळा उठून दिसतो.

फी भरण्याआधी

1990 च्या कायदा दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, यासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

कॉलेजला तीन प्रश्न जरूर विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? बी.पी.एड. असेल तर एनसीटीईची मान्यता आहे का? या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे का? उत्तर लेखी मिळाले नाही तर पैसे भरू नका.

एका वस्तीतून असा एक जण शिकून आला, तरी पहाटे पळणाऱ्या पन्नास मुला-मुलींना योग्य माणूस मिळेल. पुढची जाहिरात निघण्याआधी आपल्या विहारात या विषयावर एक बैठक घ्या. बारावीची मुले आणि त्यांचे आई-वडील, दोघांनाही बोलवा.