चिंच पितळेला, कवडीला नाही

मागच्या भागात देवघरातल्या समया आणि घंट्या घासायची रीत पाहिली. तीच रीत मी एकदा दागिन्याला लावली आणि पस्तावले, म्हणून आजचा भाग दागिन्यांचा.

आत्याने केस्लापूरच्या नागोबा जत्रेतून घेतलेली एक पोत माझ्याकडे होती. लाल-काळे काचेचे मणी, मधून पितळी घुंगरं आणि दोन्ही टोकांना दोन-दोन कवड्या. घुंगरं काळवंडली म्हणून मी चिंच कोळली आणि पोत रात्रभर त्यात बुडवून ठेवली. सकाळी घुंगरं उजळली होती, पण पिवळी नव्हे, तांबूस. कवड्यांची झिलई गेली होती. दोरा फुगून कुबट झाला होता आणि उचलताच तुटला. मणी मोरीपर्यंत घरंगळले. आत्या एवढंच म्हणाली, "अगं, ही गाठवायला द्यायची होती, भिजवायला नाही."

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं, म्हणून घासायला ती उत्तमच. पण फार वेळ राहिली तर जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं. तो तांबूसपणा म्हणजे मळ नव्हे, तिथला धातूच बदललेला असतो. कवडी तर चुन्याच्याच घटकाची, त्यामुळे कुठलंही आंबट तिला खातं. बंजारा कांचळीवर (चोळीवर), फेटियावर (घागऱ्यावर) कवड्या आणि आरसे जडवलेले असतात, तिथे लिंबू-चिंच लांबच ठेवा. आरशाच्या पाठीमागे पाणी शिरलं तर त्याची कलईही काळी पडते.

आता ओतीव दागिना. तेलंगणातल्या आदिलाबादच्या ढोकऱ्याला, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या पितळी कामाला, 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उशेगावसारख्या गावांतले ओझा कारागीर तो घडवतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे 2016 मध्ये चार तुकडे झाले, त्यात जैनूरकडचं उशेगाव आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, तरी कलेचं नाव आदिलाबादचंच राहिलं. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळायच्या, वरून मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत तापलेलं पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच नग. मेणाच्या दोरीची प्रत्येक रेघ पितळेवर उमटलेली असते. पॉलिशची पांढरी पावडर नेमकी त्या रेघांत जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही. खळग्यांतला काळसरपणा तर मुळीच खरवडू नका. त्याच्यामुळेच नक्षी डोळ्यांत भरते. तो घालवून लखलखीत केलेला ढोकरा मला सोलल्यासारखा दिसतो.

नुसत्या धातूच्या नगाला आधी कोरडा मऊ ब्रश फिरवा, लहान मुलांचा दात घासायचा ब्रश चालतो. चिकट मळ असेल तर कोमट रिठ्याच्या पाण्यात पटकन धुवा, लगेच टिपा आणि सावलीत वाळवा. हिरवट जंगाल दिसलं तर तेवढ्याच जागी कापसाने चिंचेचं पाणी लावून मिनिटभरात धुऊन टाका. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

मणी असलेला दागिना मात्र पाण्यात घालायचाच नाही. मऊ सुती कापड किंचित ओलं करून पिळा आणि एकेक मणी पुसा. त्याआधी मागच्या बाजूचा एक मणी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग फडक्यावर उतरला तर तो काचेतला नाही, वरून चढवलेला आहे. मग कोरडंच पुसा. काही मण्यांच्या भोकात आतून चांदीचा मुलामा असतो, ओलावा शिरला की तो काळा पडतो.

जुने मणी पावसाळ्यात चिकट लागत असतील तर तो घामच असेल असं नाही. काचेत क्षार जास्त असले की दमट हवेत ते बाहेर पाझरतात आणि शेजारच्या तांब्या-पितळेच्या तारेला खातात. मण्याच्या भोकाशी तार हिरवी दिसली तर समजा की मणी रडतोय. पुसा, कोरडा ठेवा आणि तार बदलून घ्या.

घाम धातूचा मोठा वैरी. गोंडांच्या दिवाळीतल्या दंडारी उत्सवात नाचणाऱ्या गुस्साडी नर्तकांची घुंगरं दिवसच्या दिवस घामात आणि राखेत असतात. आपल्याकडे एका लग्नाचा घामही पुरतो. म्हणून पावडर, अत्तर आधी आणि दागिना शेवटी. उतरवताना मात्र दागिना आधी, आणि पुसूनच डबीत.

ठेवताना धुतलेल्या सुती कापडाची वेगळी पुरचुंडी करा. रबरबँड आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. काळ्या दोऱ्याला केसाळपणा आला की तुटायची वाट न पाहता पटवेकऱ्याकडे न्या. नेण्याआधी फोटो काढा, नाहीतर मण्यांचा क्रम हरवतो. माझा हरवला होता. शेवटी आत्यानेच टॉवेलवर मणी पसरून तो आठवून लावला, पोत पुन्हा गाठवून घेतली. कवड्या फिक्याच राहिल्या, पण बदलायला तिने नकार दिला.

पुढच्या भागात गिलिटाचे वाळे आणि जर्मन सिल्व्हर.