ग्रहांचा फोटो धूसर का येतो?

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी इतके जवळ आले, की छोट्या दुर्बिणीत दोघे एकत्र दिसले. दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढला, की मात्र अनेकदा दोन धूसर ठिपकेच उमटत. डोळ्यांना दिसलेली शनीची कडी गेली कुठे?

दोष बहुधा दुर्बिणीचा नसतो, हवेचा असतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात सिमेंटच्या गच्च्या दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहतात. तापल्या तव्यावरची हवा थरथरते, तसा ग्रहाचा प्रकाश थरथरतो. प्रतिमा क्षणभर स्थिरावते, लगेच विस्कटते.

म्हणून फोटोऐवजी व्हिडिओ घ्यावा. दोन मिनिटांत हजारो चौकटी (फ्रेम) मिळतात. ‘ऑटोस्टॅकर्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या स्पष्ट चौकटी निवडून एकावर एक रचते. खरखर विरते आणि गुरूचे पट्टे उमटतात. चित्रीकरण फार लांबवू नये. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे पट्ट्यांतले तपशील सरकतात.

२०२० मध्ये ही जोडी क्षितिजाजवळ, हवेच्या जाड थरापलीकडे होती. मिथुन राशीतला गुरू मात्र २० अंश अक्षांशावरच्या छत्रपती संभाजीनगरात जवळजवळ डोक्यावर येतो. दूर उत्तरेच्या लंडनकरांना हे भाग्य नाही!

दुर्बीण चित्रीकरणाच्या तासभर आधी बाहेर ठेवा आणि गच्चीपेक्षा मोकळे, गवताळ मैदान निवडा.