नंदीच्या पायथ्याची पांढरी वाईन

बंगळूरूच्या सर्जापूर रोडवरच्या मराठी मंडळींना द्राक्षबाग पाहायची हुक्की आली, की नाशिकच आठवतं. त्यापेक्षा इब्लूरहून रिंग रोड धरावा, हेब्बाळ आणि देवनहळ्ळी करत दोड्डबळ्ळापूरकडे वळावं. नंदी डोंगराच्या पायथ्याला ग्रोव्हरच्या बागा लागतात. रस्ता मोकळा मिळाला तर न्याहारीपर्यंत पोचता येतं. सर्जापूर रोडवर राहणाऱ्यांना त्या ‘तर’चं वजन वेगळं सांगायला नको.

कंवल ग्रोव्हर हे फ्रान्सशी व्यापारी संबंध असलेले उद्योजक. शाम्पेन प्रांतातले तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांना सोबत घेऊन त्यांनी सुमारे ३५ फ्रेंच जाती भारतात लावून पाहिल्या आणि शेवटी ही जागा पक्की केली. कंपनी १९८८ची. पुढे बोर्दोचे नामांकित मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आले. २०१२ मध्ये नाशिक जिल्ह्यातली एक वायनरी यात विलीन झाली आणि ‘ग्रोव्हर झाम्पा’ हे नाव पडलं.

ही जागा निवडण्याचं मुख्य कारण म्हणजे उंची. फ्रान्समधलं बर्गंडी ४७ अक्षांशावर, नंदी १३च्या आसपास. एवढ्या दक्षिणेला उन्हाने द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. रेड वाईन हे थोडंफार सोसते. पांढरी मात्र आंबटपणाशिवाय पाणचट आणि बोजड लागते. समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवरच्या या बागांत रात्री गारवा असतो, म्हणून तो आंबटपणा टिकतो. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपी जातो, इथे तो बारा महिने जागा. मग आपल्या नाशिक-सांगलीसारखीच दोनदा कात्री लावावी लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. फरक इतकाच, की बंगळूरूकडे सप्टेंबर-ऑक्टोबर हेच भर पावसाचे महिने. केवडा रोग पडण्याची धास्ती नेमकी तेव्हाच.

आता मातीचं. पांढऱ्या वाईनचा विषय निघाला, की जाणकार मोंत्राशेचं नाव घेतात. बर्गंडीतली जेमतेम आठ हेक्टरांची ही बाग दोन गावांच्या शिवेवर आहे आणि दोन्ही गावांनी तिचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलंय. चुनखडीचा उतार, द्राक्ष एकच, शार्दोने. वरच्या अंगाला शेव्हालिए, खालच्या अंगाला बातार या बागा. द्राक्ष तेच, पण उतार आणि मातीची जाडी बदलली, की चवही बदलते आणि किंमतही. या जमिनीच्या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात जागा दिली.

नंदीची मोंत्राशेशी तुलना मात्र मला फसवी वाटते. इथे चुनखडी नाही. ग्रॅनाइटचे खडक आणि लाल, मुरमाड जमीन. नातं लावायचंच तर ऱ्होन खोऱ्यातल्या काँद्रियूशी लावावं. तिथेही ग्रॅनाइटचे उतार आहेत आणि द्राक्ष व्हिओनिए. जर्दाळूचा वास, फुलांचा दरवळ, अंगाने भरलेली वाईन. १९६०च्या दशकात हे वाण जवळजवळ संपलं होतं, मोजक्या हेक्टरांवर उरलं होतं. ग्रोव्हरने सोव्हिन्यों ब्लांसोबत व्हिओनिएही बाटलीत आणली. माझा कौल हिलाच. सोव्हिन्यों नाशिकची घ्यावी. तरी काँद्रियूची बरोबरी झाली असं कुणी म्हणू नये. तिथल्या वेलींचा मुळांवर भरवसा, इथे ठिबकचा आधार लागतो.

याच भागात मांडवावर बेंगळूर ब्लू ही काळीभोर, जाड सालीची स्थानिक द्राक्षं लोंबतात. त्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस आणि गोड वाईन त्यांचीच. फ्रेंच पाहुण्यांच्या कौतुकात या यजमानाकडे कुणी बघत नाही.

देवनहळ्ळीला २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून इथली जमीन चौरस फुटांवर मोजली जाते. मोंत्राशेला कुणी इमारत बांधू देणार नाही. इथे बागेशेजारी प्लॉटच्या पाट्या लागल्यात.

जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये जावं, तोडणी तेव्हा असते. बाग आणि कारखाना दाखवण्याची सोय असते, पण नोंदणी आधी करावी. रविवार शक्यतो टाळावा, नंदीवर सूर्योदय पाहून उतरणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. आणि गाडी चालवणाऱ्याने चव घेऊ नये.